संगणक कोरा करणेबाबत

"कोरा करायचा म्हणजे नेमकं काय करायचं?" अण्णांनी विचारलं.

धनत्रयोदशीचा दुसरा दिवस, रविवार. स्वयंपाकघरात आई सोऱ्या घेऊन चकल्यांना बसलेली. मी बाहेरच्या खोलीत टेबलाखाली अर्धी शिरून कॉम्प्युटरच्या मागच्या वायरी सोडवत होते, आणि अण्णा चहाचा कप घेऊन माझ्या पायांशी उभे.

"फॉरमॅट मारायचा," मी टेबलाखालून म्हणाले.

"मारायचा. म्हणजे काय मारायचं?"

तहसील कचेरीत छत्तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस शब्दाला असा धरतो. एरवी 'फॉरमॅट मारणे' हा शब्दप्रयोग मी पंचवीस वर्षं वापरत आले, त्यातल्या 'मारणे'कडे कधी लक्ष गेलं नव्हतं. शिक्का मारतो, रंग मारतो, तसा फॉरमॅट मारतो. आणि मारून झाला की विंडोज 'टाकतो', दळण टाकल्यासारखी. दोन्ही शब्द इतके घरगुती आहेत की त्यात काही पुसलं जातंय, असं वाटतच नाही.

कारण साधं होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला मिळणारी सुरक्षा-अपडेट बंद झाली. अण्णांचा कॉम्प्युटर २०१४ सालचा, चौथ्या पिढीचा आय-थ्री. विंडोज ११ ला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. आमच्याकडे दोन्ही नाही. यंत्र धडधाकट, कधी कुरकुर नाही, पण अपात्र.

"वय झालं म्हणायचं त्याचं," अण्णा म्हणाले. "अठ्ठावन्न पूर्ण. रिटायर."

वर्षभर जादा अपडेट घ्यायची सोय होती, पण ती म्हणजे मुदतवाढ, आणि मुदतवाढीवर राहिलेल्या माणसाला कचेरीत काय मान असतो ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून मी पुण्याहून येतानाच पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी टाकायची दुसरी सिस्टम, घेऊन आले होते. दिवाळीच्या फराळासाठी घरी जायचं आणि जाताना घरच्यांचं मशीन नीट करून यायचं, हा आमच्या पिढीचा एक अलिखित कुळाचार आहे.

मी पहिला फॉरमॅट मारला तो २००३ मध्ये, सांगलीला इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर. चार मुलींनी मिळून घेतलेला असेंबल्ड पीसी, त्यात विंडोज ९८. सीडी कुठून आली हे त्या काळी विचारायचं नसे. काळ्या पडद्यावर 'फॉरमॅट सी कोलन' असं टाइप केलं की यंत्र सगळ्या कॅपिटल अक्षरांत ओरडून सांगायचं, की सी ड्राइव्हवरचं सगळं जाणार आहे, पुढे जाऊ? वाय की एन? वाय दाबायच्या आधी मी खोलीतल्या तिघींकडे पाहिलं. एकीने देवाचं नाव घेतलं. दुसरीने विचारलं, "माझा रेझ्युमे कुठे होता गं?" तो सी वरच होता. पण तोवर माझं बोट पडलेलं.

त्यानंतर मी होस्टेलची अधिकृत फॉरमॅटवाली झाले. मोबदला दोन वडापाव, अवघड केस असेल तर मिसळ. मुली मशीन हँग होतं म्हणून बोलवायच्या आणि मी डॉक्टरसारखी दोन-चार बटणं दाबून गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, मारावा लागेल. खरं तर निम्म्या वेळा नसे लागत. पण दुखणं शोधण्यापेक्षा फॉरमॅट सोपा, आणि सोप्या उपायाचा दरारा जास्त असतो.

मग एक्सपी आली. निळा पडदा, परवान्याला संमती म्हणून एफ-एट, पंचवीस अक्षरांची की (ती आम्ही कॅबिनेटच्या कुशीवर पेन्सिलीने लिहून ठेवली होती), आणि मग तो प्रसिद्ध अंदाज, सुमारे ३९ मिनिटं. इतका नेमका आकडा देऊन वर 'सुमारे' म्हणणारा लबाड मी दुसरा पाहिला नाही. २००७ मध्ये अण्णा रिटायर झाले, घरात पहिला कॉम्प्युटर आला, आणि त्याच्यावर एक्सपी टाकायचा मान माझा. तेव्हा भारनियमन असं की, कुठल्या वारी किती वाजता वीज जाणार याचा तक्ता फ्रिजवर चिकटवलेला. अण्णांनी तक्ता बघून मुहूर्त काढून दिला, दुपारी सव्वादोन. चौतीस मिनिटं शिल्लक असताना गाडी अडली ती अडलीच, आणि ती हलायच्या आत तक्त्याला न जुमानता वीज गेली. यूपीएस केकाटायला लागला. अण्णा म्हणाले, "याच्यापेक्षा आमचा गोदरेज बरा. रिबन बदलली की झालं."

गोदरेज म्हणजे मराठी टाइपरायटर. त्याच्याबद्दल पुढे सांगते.

वीज आल्यावर पुन्हा पहिल्यापासून केलं, आणि संध्याकाळी एकदाची ती हिरवी टेकडी उमटली. कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यात चार्ल्स ओ'रिअर या छायाचित्रकाराने १९९६ मध्ये टिपलेली, वर निळं आभाळ. आईने पदराला हात पुसत पाहिलं आणि म्हणाली, "आगाशिवाचा डोंगर का गं हा? पावसाळ्यातला?" आमच्या कराडजवळचा आगाशिव श्रावणात अगदी तसाच दिसतो. मी हो म्हणाले. पुढे विंडोज ७ येईपर्यंत आमच्या घरी आगाशिवच होता.

त्या कोऱ्या पडद्याचं एक सुख असतं, ते मान्य करायला हवं. कोपऱ्यात एकटा रिसायकल बिन, बाकी सगळं मोकळं. सारवलेल्या अंगणात पहिलं पाऊल टाकायला जीव होत नाही तसं. चार दिवसांत परत तेच, गाण्यांचं फोल्डर, 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर २', आणि 'न्यू फोल्डर' याच नावाचा तो पेन ड्राइव्हमधून पसरणारा व्हायरस. पण ते चार दिवस छान.

तर अण्णांचा प्रश्न. कोरा करायचा म्हणजे काय?

मी बाहेर आले, हात झटकले आणि त्यांच्या भाषेत सांगायचा प्रयत्न केला. "तुमची रेकॉर्ड रूम होती ना, रुमालात बांधलेले गठ्ठे. आणि दाराशी एक रजिस्टर, कुठला गठ्ठा कुठल्या फळीवर. साधा फॉरमॅट म्हणजे ते रजिस्टर फाडून नवीन कोरं रजिस्टर ठेवायचं. गठ्ठे जागेवरच असतात. नवीन कागद आले की त्यांच्यावर चढत जातात."

"म्हणजे कोरा नाहीच झाला."

"जुन्या हार्डडिस्कवर नाही व्हायचा. म्हणून तर डिलीट झालेले फोटो काढून देणारे लोक असतात. ते रजिस्टर बघतच नाहीत, एकेक गठ्ठा सोडून आत काय आहे ते हुंगत जातात. फोटो मिळतो, पण त्याचं नाव मिळत नाही, कारण नाव रजिस्टरात होतं."

"आणि आपलं?"

आपलं वेगळं होतं. दोन वर्षांपूर्वी मीच जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क, बसवली होती, आतलं सगळं जसंच्या तसं क्लोन करून. एसएसडीत फॉरमॅट मारताना यंत्र डिस्कला कळवतं, की या फळ्या आता रिकाम्या समजा. ट्रिम म्हणतात त्याला. मग डिस्कमधला शिपाई आपल्या सवडीने गठ्ठे खरोखर मोकळे करून टाकतो. इतका कामसू शिपाई अण्णांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

"मग बॅकअप नीट घे," एवढंच म्हणाले.

बॅकअप मी नीट घेतला. निदान मला तसं वाटलं. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो, भाच्याच्या बारशाचा व्हिडिओ, गॅसचं पुस्तक स्कॅन केलेलं. आणि डी ड्राइव्हवरचं एकच फोल्डर, नाव 'अर्ज', आत चौदाशेच्या वर फाइली.

हे सांगायला हवं. अण्णा रिटायर झाले आणि पंधरा दिवसांत घरी लोक यायला लागले. वारस नोंद लावायची आहे, साहेब, दोन ओळी लिहून द्या. पाणंद रस्ता शेजाऱ्याने नांगरला. रेशनकार्डात सुनेचं नाव चढेना. मोटरीचं बिल दोनदा आलं. अण्णा ऐकून घ्यायचे, मधेच थांबवून "तारीख सांगा" म्हणायचे, आणि टाइप करायला बसायचे. प्रति, मा. तहसीलदारसाहेब. विषय: वारस नोंद होणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज करतो की. पैसे घेत नसत. कुणी शेंगा आणून द्यायचं, कुणी हुरडा. एका आजीने गेली कित्येक वर्षं दर संक्रांतीला तिळाच्या वड्या पाठवल्यात, तिचं काम २०१० मध्येच झालं असूनही.

त्या फाइलींची नावं नुसते आकडे. २०११-०४७. २०१६-११२. आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळायचं नाही. "नावं का नाही दिली?" मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाले, फाइलच्या नावात मराठी उमटत नाही, इंग्रजीत लिहिलं की कुणाचंही आडनाव भलतंच होतं, आणि शिवाय दुसऱ्याच्या भानगडी नावानिशी कशाला उघड्या ठेवायच्या. तिन्ही कारणं बिनतोड होती, विशेषतः तिसरं.

सगळं पोर्टेबल डिस्कवर उतरवलं, दोनदा मोजलं. फाइलींची संख्या जुळली. मग पेन ड्राइव्ह लावला, सुरू होताना एफ-बारा दाबलं, मिंट उघडलं. 'डिस्क पुसून मिंट टाका' हा पर्याय निवडला. शेवटी एक लहानशी चौकट येते, डिस्कवर हे बदल लिहू का म्हणून. एक बटण मागे जायचं, एक पुढे जायचं. ९८ सारखी आरडाओरड नाही, सौम्य, सुशिक्षित आवाजात विचारलेलं. मी अण्णांकडे पाहिलं.

"दाब की," ते म्हणाले. "बॅकअप घेतलास ना?"

वीसेक मिनिटांत झालं. ३९ मिनिटांची दहशत, भारनियमनाचा तक्ता, मदरबोर्डची सीडी शोधत माळ्यावर चढणं, साउंडचा ड्रायव्हर मिळेपर्यंत मुका कॉम्प्युटर, यातलं काही नाही. प्रिंटर तर मी सांगायच्या आधीच त्याला सापडला. थोडी निराशाच झाली म्हणा ना. इतकं सोपं असेल तर फॉरमॅटवालीला मिसळ कोण देईल?

मग लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे मिंटमधल्या वर्डच्या भावात, २०११-०४७ उघडली.

पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चुरा सांडला होता. शब्द म्हणावं तर शब्द नव्हेत, कुठे अर्धविराम, कुठे अवतरणचिन्ह, कुठे मधेच मोठा झेड. जिथे 'विषय' असायला हवं तिथे एफ, ओ, दुहेरी अवतरण, के, अर्धविराम. अण्णा चष्मा खाली ओढून वाकले.

"हे इंग्रजी आहे?"

"नाही."

"मग मराठी आहे?"

याचं उत्तर चटकन देता येईना. पोटात गोळा मात्र चटकन आला. चौदाशे फाइली जशाच्या तशा होत्या, एकही बाइट हरवला नव्हता. फाँट गेला होता. तो सी ड्राइव्हवर विंडोजच्या पोटात फाँट्सच्या फोल्डरमध्ये बसलेला, आणि त्याला मी कधी 'आपलं सामान' धरलंच नव्हतं. घर बदलताना भांडी मोजून नेली आणि नळ तिथेच राहिला, तसं.

अण्णांचा फाँट कृतिदेव. युनिकोड सर्रास रुळायच्या आधी आपल्याकडे मराठी टंकायचे जे मार्ग होते, त्यातला एक. श्रीलिपी, शिवाजी, डीव्हीबी, ज्याचा त्याचा फाँट आणि ज्याची त्याची जुळणी. युक्ती अशी, की कॉम्प्युटरला ठाऊक असलेल्या इंग्रजी अक्षरांचे नुसते चेहरे बदलायचे. आत डी लिहिलेला आहे, पण फाँट त्याच्या जागी क चं चित्र काढतो. फाँट काढून घेतला की खालचा डी उघडा पडतो. म्हणजे त्या चौदाशे अर्जांत मराठी कधी नव्हतीच. मराठी होती ती फक्त आपल्या डोळ्यांसमोर.

हे मी अण्णांना सांगितलं. "युनिकोडमध्ये क ला स्वतःचा नंबर आहे, २३२५. तो क चाच. तुमच्या फाँटात क हा १०० नंबरमध्ये राहतो, आणि १०० नंबर आहे धाकट्या डी चा."

अण्णा क्षणभर थांबले. "म्हणजे सातबारा डी च्या नावावर, आणि कसतोय क."

"हो."

"कूळ आहे मग. लागलं असेल आतापर्यंत." आणि गालातल्या गालात हसले. मला हसू येत नव्हतं.

कृतिदेव तसा दुर्मीळ नाही. दोन मिनिटांत उतरवला, बसवला, फाइल बंद करून उघडली, आणि सगळं अवतरलं. प्रति, विषय, महोदय, अर्जदाराची सही. मी खुर्चीत मागे रेलले. आईने चकलीची ताटली आणून ठेवली. वाटलं, झालं.

अण्णा टाइप करायला बसले. त्यांचं टाइपिंग बघण्यासारखं असतं. १९७० च्या आसपास मराठी टंकलेखनाची परीक्षा दिलेली, मिनिटाला चाळीस शब्दांची, आणि बोटं अजून त्या परीक्षेत बसलेली आहेत. पाठ ताठ, मनगटं वर, मान कागदाकडे, पडद्याकडे बघणं कमीपणाचं. पहिली वेलांटी आधी मारतात आणि अक्षर नंतर, कारण टाइपरायटरवर अक्षरं डावीकडून उजवीकडे उमटत जातात आणि वेलांटी अक्षराच्या डावीकडे असते. यंत्राला डोळ्यांचा क्रम कळतो, उच्चाराचा नाही. कृतिदेव त्याच कळपाटावर बेतलेला, म्हणून तर तो त्यांना मानवला. मी एकदा मोठ्या उत्साहाने युनिकोडचा कळपाट शिकवायला गेले होते. तिथे अक्षर आधी, वेलांटी नंतर. "पन्नास वर्षं मी चुकीचं लिहीत होतो काय?" म्हणाले. तो विषय तिथेच संपला. आता मिंटमध्ये टाइपरायटरच्या धर्तीचा मराठी कळपाटही मिळतो हे मी त्यांना सांगितलेलं नाही. दिवाळी नीट पार पडायला हवी होती.

तर त्यांनी एक ओळ टाइप केली आणि मान वळवून पडद्याकडे बघितलं.

'म्होदय.'

पुसलं. पुन्हा टाइप केलं. महोदय म्हणून बोटं उठली, स्पेस दिला, आणि डोळ्यांदेखत महोदयचं म्होदय झालं. वाड्यावस्तीवरचा कुणी आजोबा कचेरीच्या दारातून हाक मारतोय असं.

आई आतून म्हणाली, "काय झालं?"

"तुझ्या लेकीने मशीन गावंढळ करून ठेवलं."

कारण कळायला मला पाच मिनिटं लागली. लिब्रेऑफिस सज्जन आहे. इंग्रजी लिहिणाऱ्याने वाक्याचं पहिलं अक्षर लहान टाकलं तर ते स्वतःहून मोठं करतं. त्याला दिसतो तो धाकटा ई. तो त्याने मोठा केला. आणि कृतिदेवात धाकटा ई म्हणजे म, मोठा ई म्हणजे अर्धा म. तीच गत सगळ्यांची. क चा पाय मोडायचा, त चा मोडायचा, न चा मोडायचा. दर परिच्छेदाचं पहिलं अक्षर लंगडं. ष तर वेगळाच रुसला, कारण त्याच्या घरात राहणारं सरळ अवतरणचिन्ह यंत्र वळणदार करून टाकत होतं.

मग जुन्या मशीनवर हे का होत नव्हतं?

कारण कुणीतरी, कधीतरी, वर्डच्या पोटात शिरून या सगळ्या खुणा एकेक करून काढून ठेवल्या होत्या. २०१४ मध्ये नवीन यंत्र आलं तेव्हा पुन्हा काढल्या असणार. विंडोज ७ ची १० झाली ती अपग्रेड होऊन, एसएसडी बसली ती क्लोन होऊन, म्हणजे घराला रंग मारला गेला पण भाडेकरू तेच राहिले. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी घर खरोखर रिकामं केलं होतं. आणि तेव्हा कळलं की माझ्या यादीत 'न-टिचक्या' नव्हत्या. काढून टाकलेल्या खुणांचा बॅकअप कसा घेणार? फाइल दिसते, फोटो दिसतो. एक चौकट मुद्दाम रिकामी ठेवलेली आहे, हे कसं दिसणार?

तशा गोष्टी मग एकेक करून वर आल्या. माऊसचा वेग कमी केलेला होता, कारण अण्णांचा उजवा अंगठा थंडीत आखडतो. पानाचा आकार लीगल ठेवलेला होता. डावीकडचा समास दीड इंच, फाइलला भोक पाडायला. पडद्याचा उजेड उतरवलेला. हे सगळं मिळून तो कॉम्प्युटर होता, आणि मी चौदाशे फाइली मोजून खूश झाले होते. होस्टेलवर त्या वीस-पंचवीस मुलींच्या मशीनांचं मी काय काय पुसलं असेल, तिघी तर बी.ई. होईपर्यंत म्हणायच्या की फॉरमॅटनंतर ते 'वेगळंच वागतं', आणि मी हसायचे.

"कुणी काढल्या होत्या या खुणा, आठवतंय का?" मी विचारलं. एखाद्या सायबर कॅफेवाल्या पोराचं नाव निघेल अशी अपेक्षा.

अण्णा उठले. कपाटातून एक लांबट, लाल कापडी पाठीची वही काढली. कचेरीतल्या जावक रजिस्टरच्या मापाची, तशाच आखलेल्या रकान्यांची. अनुक्रमांक, दिनांक, अर्जदार, विषय, कोणास, शेरा. वही उलटी करून मागच्या पानापासून उघडली. तिथे निळ्या शाईत, त्या कारकुनी वळणाच्या गोल अक्षरात:

'दि. १२/३/२००९. टूल्स – ऑटोकरेक्ट – वरून १ ली, २ री, ३ री खूण काढणे. अन्यथा म चा म् होतो.'

खाली आणखी. अवतरणचिन्ह सरळ ठेवणे. समास दीड इंच. कागद लीगल. माऊस मंद. प्रत्येकापुढे तारीख, आणि २०१४ च्या यंत्रावर पुन्हा केल्याची दुसरी तारीख, त्याखाली लहानशी सही.

मी काही बोलले नाही. वही मांडीवर घेऊन, मागच्या पानावरची यादी वाचत, मिंटमध्ये एकेक खूण काढत गेले. नावं बदलली होती, मेनू दुसरीकडे होते, पण 'अन्यथा म चा म् होतो' हे वाक्य इतकं स्वच्छ होतं की चुकायला जागाच नव्हती. एवढं नेमकं लिहिलेलं तांत्रिक टिपण मला ऑफिसातही क्वचित वाचायला मिळतं.

मग वही सरळ केली आणि पुढून चाळायला लागले. चौदाशे फाइलींचं रजिस्टर ते हेच. कुठला आकडा म्हणजे कुणाचा अर्ज, कशाबद्दल, पुढे काय झालं. कॉम्प्युटरमध्ये होते ते नुसते गठ्ठे. रजिस्टर पहिल्या दिवसापासून कपाटात होतं, साड्यांच्या खालच्या कप्प्यात. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'निकाली'. काही ठिकाणी 'प्रलंबित'. काही ठिकाणी 'अर्जदार मयत', आणि त्याखाली त्याच कामाचा मुलाच्या नावाने पुढचा क्रमांक.

२०१३ च्या पानावर थांबले. क्रमांक ०६४. अर्जदाराच्या रकान्यात आईचं नाव, सौ. लावून, पूर्ण. विषय: टीव्हीचा आवाज बातम्यांचे वेळी कमी ठेवणेबाबत. कोणास: कुटुंबप्रमुख.

फाइल उघडली. खरोखर अर्ज होता. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज करते की, आपण सायंकाळी सात ते आठ या वेळेत दूरदर्शन संच मोठ्या आवाजात लावत असल्याने अर्जदारास देवापुढे दिवा लावून स्तोत्र म्हणणे अशक्य झाले आहे. यापूर्वी तोंडी विनंती करूनही दखल घेण्यात आलेली नाही. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.

"आई," मी हाक मारली, "तू अर्ज केला होतास?"

ती पिठाचे हात घेऊन दारात आली. "केला की. बडबडून उपयोग होईना. म्हटलं, लिहूनच घ्या. यांनीच टाइप केला, माझ्यासमोर बसून, एक शब्द न बदलता. आणि मग सही घेतली माझी."

"मग?"

"शेरा बघ."

शेऱ्याच्या रकान्यात होतं, 'कार्यवाही सुरू.' बारा वर्षं सुरूच आहे. त्या संध्याकाळीही सातच्या बातम्या शेजाऱ्यांना ऐकू जात होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे अभ्यंगस्नान, फराळ, ओवाळणं वगैरे झालं, आणि नऊच्या सुमाराला फाटकाशी कुणीतरी चप्पल काढल्याचा आवाज आला. पलीकडच्या आळीतले एक काका. दिवाळीचं भेटायला आलो म्हणाले, आणि पहिली करंजी संपायच्या आत खिशातून विजेचं बिल निघालं. अण्णा ताठ झाले. "तारीख सांगा."

नवीन यंत्रावरचा पहिला अर्ज. मी शेजारी उभी, जीव मुठीत धरून. महोदय लिहिलं, स्पेस दिला. महोदय महोदयच राहिलं. अण्णांनी पडद्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. काका मात्र बघत होते. "नवीन घेतला काय कॉम्प्युटर?" "नाही," अण्णा टाइप करता करता म्हणाले, "जुनाच आहे. पुन्हा कामावर घेतलाय."

अर्ज झाला, छापला, सही झाली. फाइल सेव्ह करायची वेळ आली. 'अर्ज' फोल्डरात जुन्या फाइली अजून मी ओतल्या नव्हत्या, त्या पोर्टेबल डिस्कवरच होत्या. समोर एकदम रिकामं फोल्डर. सारवलेलं अंगण. मला राहवलं नाही.

"अण्णा, नवीन यंत्र, नवीन सिस्टम, दिवाळीचा दिवस. एकपासून सुरू करा की नंबर."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, कचेरीत नवीन लागलेल्या उमेदवाराकडे बघावं तसं. मग रजिस्टर जवळ ओढलं, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं, आणि नावाच्या चौकटीत २०२५-०३२ लिहिलं.

"का?" म्हणाले. "वर्ष संपलंय का?"